हार न मिळालेली सायकल

भावाची जुनी हायब्रीड सायकल कडेगावला माझ्या सासरी आली, तेव्हा तिला गंज चढला होता. मी टायर बदलून घेतले, साखळी डिझेलमध्ये धुतली, मागे कॅरियर आणि पुढे बास्केट बसवून घेतली. घरातल्या कुणीही घ्यावी, डेअरीला दूध घालून यावं, दळण आणावं, एवढाच हेतू.

पण आम्ही पडलो ऊसवाले! डेअरी हाकेच्या अंतरावर, तरी दीर किटली अडकवून बुलेटवरून जातात. सासरे मला म्हणाले, "सूनबाई, आमी सायकलीवर दिसलो तर गाव म्हणंल, रान इकलं ह्यांनी."

दसऱ्याला ट्रॅक्टर, बुलेट, जीप, इतकंच काय, फवारणीचा पंपसुद्धा धुऊन प्रत्येकाला झेंडूचा हार घातला. सायकलीसाठी मागितला, तर सासूबाई म्हणाल्या, "हार संपलं."

पुढे सासऱ्यांची साखर वाढली. डॉक्टरांनी सांगितलं, रोज सायकल चालवा. मला वाटलं, आता तरी अक्कल येईल. कसली येतेय! त्यांनी सांगलीहून व्यायामाची सायकल मागवली, टीव्हीसमोर मांडली, नारळ फोडला आणि भलामोठा हार घातला.

आता रोज सकाळी मी सायकलवरून दूध घालून परतते, तेव्हा खिडकीतून सासरे घामाघूम होऊन पेडल मारताना दिसतात. त्या सायकलीची त्यांना लाज वाटत नाही, कारण ती कुठं जातच नाही.