मनीषनगरच्या बेडरूममधला वरवंटा

गेल्या रविवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, मनीषनगरला माझ्या मुलीच्या सासरी, मला हळू बोलायला सांगण्यात आलं. वेळ पक्की आठवते, कारण समोर भिंतीवर घड्याळ होतं... आणि घड्याळाखाली, पलंगावर, तो होता.

तो म्हणजे माझा वरवंटा.

बारशाला बाळाच्या आधी वरवंट्याला टोपडं घालून पाळण्याखालून-वरून देतात, हे तुम्ही पाहिलं असेलच. दोन महिन्यांपूर्वी विहीणबाईंच्या भाचीकडे बारसं होतं. आजकाल फ्लॅटमध्ये पाटा-वरवंटा कोणाकडे असतो... त्यांनी मागितला, मी आनंदाने दिला. माझ्या केतकीच्या बारशालाही हाच होता.

तो परत आलाच नाही. शेवटी रविवारी मीच न्यायला गेले.

केतकीच्या लग्नाला सात महिने झाले. तिची सीए फायनल होईपर्यंत मूल नको, असं तिने आणि जावयांनी मिळून ठरवलंय. हे दोन्ही घरांना सांगून झालं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

आणि आता त्या दोघांच्या पलंगावर, दोन उशांच्या मधोमध, वरवंटा. पिवळं टोपडं, झबलं, आणि गाल असता तर जिथे असता तिथे काजळाची तीट. काजळ ताजं होतं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"काही नाही न ताई," विहीणबाई हसल्या. "पोरीच्या डोळ्यासमोर राहिला तर मन वळते. मी काही बोलून राहिली का तिले? विचारा, एक शब्द नाही."

झबलं रोज बदलतात म्हणे. पाच शिवलीत. थंडीचं वेगळं.

मी तो उचलला... आणि सांगायला लाज वाटते, माझा एक हात आपोआप मानेखाली गेला. दगडाला कुठली आली मान? पण तो कोमट होता. खिडकीतून ऊन येत असेल, असं तेव्हा वाटलं. पडदे ओढलेले होते, हे घरी आल्यावर आठवलं.

मग मी भांडायला सुरुवात केली. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी घडवलेला आवाज आहे माझा, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. केतकीची पुस्तकं सुतळीने बांधून कपाटावर का गेलीत, हेही विचारलं.

तेवढ्यात केतकी चहा घेऊन आली. ट्रे ठेवला, माझ्या हातातून तो घेतला, टोपडं सारखं केलं. "आई, हळू बोल ना."

"का?"

ती त्याला नुसती थोपटत राहिली... आपण थोपटतोय, हे तिला कळत तरी होतं का, मला माहीत नाही.

"पाहा," विहीणबाई म्हणाल्या, "मी म्हटलं का काही?"

पुढची वीस मिनिटं मी एकटीच बोलत होते. काय काय सुनावलं, सगळं पाठ आहे. पण वरवंटा तिथेच राहिला. आणि ऑटोत बसल्यावर लक्षात आलं... ती अख्खी वीस मिनिटं मी कुजबुजत भांडले होते.

म्हणून इथे लिहितेय. केतकीचे सासू-सासरे दोघेही माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत. येत्या शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत मला लेखी हवं, की मूल कधी हे केतकी आणि जावई ठरवतील, घरातलं दुसरं कोणी नाही. पुस्तकं खाली उतरवा. वरवंटा परत पाठवा, झबल्याशिवाय.

फोन नको, चहाला बोलावणं नको. त्या खोलीत गेले तर माझा आवाज पुन्हा खाली येईल... लेखीच द्या.