टॉवेल टाकलेला वाढपी

सोलापूर स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं आणि उन्हानं माझी सावलीसुद्धा वितळली. ती गोळा करत करत मी पूर्व भागातल्या नरसक्कांच्या खानावळीत शिरलो. तिथं यंत्रमानव जेवण वाढतो, अशी बातमी आमच्या चिपळूणपर्यंत आली होती. मी मनात लोखंडी पैलवान रंगवला होता.

आलं ते चाकांवरचं कपाट! छातीइतकं उंच, कप्प्यांत वाढलेली ताटं, वर काचेत दोन गोल डोळे. माझ्यापुढं थांबून परीटघडीच्या आवाजात म्हणालं, "कृपया आपले ताट उचलावे." हुबेहूब रेल्वेस्थानकावरची बाई! मी ताडकन उठून पिशवी धरली. पलीकडचे दोघं तर दारापर्यंत पोचले.

"बसा की वो! हितं कुटली गाडी येतीय?" गल्ल्यावरून नरसक्का ओरडल्या.

बसले सगळे, पण ताटाला कुणी हात लावेना. इथं वाढपी आग्रह करतो, मगच पाहुणा जेवतो.

"लई टक लावून बघतंय," यंत्रमागावरून आलेले रफिकभाई म्हणाले. "अक्का, तुमीच वाढा. ह्याच्या हातचं घशाखाली उतरत न्हाय."

"त्याला हात हाय कुटं?" असं म्हणत नरसक्का उठल्या. त्यांचे गुडघे असे करकरले की छतावरची पाल अक्कलकोटच्या रस्त्याला लागली.

"बसा खाली!" सून लता चुलीपासून धावली. "डाक्टर काय म्हनले? उठबस बंद! आज ह्याच्याकडनं कुणी जेवलं न्हाय, तर ह्यो चाचणीला आणलेला डबा परत जाणार आन् खानावळीला कुलूप. तुमाला वाढत फिरू देणार न्हाय मी."



"मग त्याला नीट बोलाय तरी शिकव की," रफिकभाई म्हणाले.

लतानं यंत्राचं आवाज भरायचं बटण दाबलं. नरसक्का बसल्या जागेवरून त्याच्यावर खेकसल्या, "इंका कोंचम [तेलुगूत, अजून थोडं] घ्या की! लाजताय काय, सासुरवाडीला आलाय व्हय?" लतानं त्याच्या नसलेल्या खांद्यावर टॉवेल टाकला. आता तो वाढपी दिसायला लागला.

तो पुन्हा आला, नरसक्कांच्या आवाजात खेकसला, आणि रफिकभाईंचा हात आपसूक ताटाकडं गेला. मग कडक भाकऱ्या मोडल्याचा असा कडकडाट झाला की बाहेर रिक्षावाले आभाळाकडं बघू लागले. यंत्राला नकार मात्र कळेना. सतराव्या भाकरीनंतर मी मोजणं सोडलं.

"बास, अक्का!" सगळे गल्ल्याकडं बघून हात जोडत होते.

"मला काय सांगता? त्याला सांगा!" नरसक्का स्टुलावर पाय पसरून हसत होत्या. त्या दिवशी वाढायला त्यांना पुन्हा उठावंच लागलं नाही.

चिपळूणला बायकोनं जेवायला वाढता वाढता विचारलं, "दिसायला कसा होता?"

"टॉवेल टाकलेल्या कपाटासारखा."

"आणि आवाज?"

उत्तराआधीच माझा हात ताटावर आडवा गेला.