विहिरीतली मुळं

एटापल्लीला आमच्या अंगणात मी दोन निलगिरी वाढवल्या. रोपं गुडघ्याएवढी होती तेव्हापासून रोज सकाळी विहिरीचं पाणी शेंदून दोन-दोन बादल्या त्यांना घालत आले. यंदा उन्हाळ्यात विहीरच आटली, म्हणून गाळ काढायला एक माणूस बोलावला.

साठीचा, वाळकासा. आत उतरण्याआधी त्यानं चपला काढल्या आणि विहिरीच्या काठाला हात लावून तो कपाळाला टेकवला. वर आला तेव्हा त्याच्या मुठीत केसांसारख्या बारीक, लालसर मुळांचा झुबका होता.

"तुमच्या झाडाईचेच मुळं हायेत, बाई. पुरा तळ धरून राह्यले."

मी वरून बादल्या ओढत होते आणि ही झाडं खालून विहीर पीत होती!

"दोन्ही तोडून टाका. आत्ताच!" मी ओरडले.

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी घरातलंच कुणी मारायला सांगितलंय. हातातली मुळं हळूच खाली ठेवली.

"इतके वर्सं तुमीच पाजलं ना त्यायले? मंग पेले म्हनून काऊन मारता?"

मी पुढे केलेल्या कुऱ्हाडीला हात न लावता तो दोर गुंडाळून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीनं बादली विहिरीत सोडली. ती कोरड्या तळावर खणकन आपटली, आणि झाडांकडे वळून बघायचा मला धीर झाला नाही.