तीनशे बारा जणांना आवतण

रोज सकाळी फोन उघडण्याआधी सिकंदर साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचा. दिवसभर जाळ्यात आणि मासळीत वावरणारे हात. तसल्या हातांनी पाहुण्यांच्या पत्रांना शिवायचं नाही, हा त्याचा दंडक. मग ओट्यावर बसून ईमेल उघडायचा आणि आत बायकोला, करिमाला ऐकू जाईल असं सांगायचा, "आज न्हाय आलं."

भाकरी थापता थापता ती म्हणायची, "येईल."

भिगवणच्या पुढं, उजनीचं पाणी पसरतं तिथं त्याचं घर. हिवाळ्यात उथळ पाण्यात फ्लेमिंगो उतरतात आणि त्यांच्यामागं पुण्यामुंबईचे कॅमेरेवाले येतात. अकरा वर्षं सिकंदरनं त्यांना आपल्या होडीतून नेलं. थवा बिथरू नये म्हणून तो लांबच इंजिन बंद करायचा आणि बांबूनं होडी रेटत न्यायचा. पाहुण्यांसाठी घराला लागून दोन खोल्याही काढल्या होत्या. जाताना जो तो त्याच्या वहीत नाव आणि ईमेलचा पत्ता लिहून जायचा.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या ऋषिराजनं रिसॉर्ट बांधलं आणि सिकंदरच्या खोल्या रिकाम्या राहू लागल्या. हाही हिवाळा तसाच गेला तर होडी विकायची, असं नवराबायकोनं ठरवून टाकलं होतं.

म्हणून दिवाळीनंतर त्यानं वही काढली. तीनशे बारा पत्ते निघाले. बारामतीला कॉलेजात शिकणारी लेक हीना सुट्टीवर आली होती. तिच्याकडून तो एकेक पत्ता फोनात भरून घेऊ लागला. क्रम मात्र त्याचा. सगळ्यांत वर मनिषा मॅडम, कारण त्याच्या होडीत बसलेल्या पहिल्या पाहुण्या त्याच. मग डॉक्टर, मग मास्तर, मग बाकीचे.

"अब्बा, पत्ते असे उघडे नका टाकू," हीना म्हणाली. "एकाचा दुसऱ्याला दिसणार न्हाय, अशी सोय असती. झाकून पाठवता येतं."

"झाकून? आवतण काय झाकून देत्यात व्हय?"

"ही काय लग्नाची पत्रिका न्हाय."

"तुझ्या मामाच्या पत्रिकेत साठ नावं छापली हुती. एक सुटलं, तर वर्षभर बोलणं बंद झालं. समद्यांना दिसू दे, आपण कुणाला इसरलो न्हाय ते. आन् शेवटाला ऋषिराजचा पत्ता टाक."

हीनाचं बोट थांबलं. "त्यो कशाला?"

"शेजारी हाय. शेजाऱ्याला सोडून आवतण फिरवत न्हाईत."

"टाक गं बाई," करिमा आतून म्हणाली. "न्हायतर आवतण राहिलं म्हणून तुझे अब्बा झोपंतबी त्याच्याच दारावर थापा मारतील."

विषयाच्या ओळीत त्यानं 'आग्रहाचे निमंत्रण' लिहायला लावलं. खाली खुशाली विचारली, पक्षी आल्याचं कळवलं. दर लिहिला नाही, खोल्या कधी मोकळ्या आहेत तेही नाही. पहिल्याच पत्रात भाव सांगितला तर आपण भाजीवाल्यागत दिसू, असं त्याचं म्हणणं. आणि एकदाच बोलावलं तर त्याला आग्रह म्हणत नाहीत. तेव्हा तेच पत्र आठ दिवसांत तीनदा गेलं.

तिसऱ्या वेळेला उत्तर आलं. पुण्यातल्या एका बँकवाल्या साहेबांनी लिहिलं होतं, 'माझा पत्ता तीनशे लोकांना देण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?' हे उत्तरही सगळ्यांना गेलं. मग दुसऱ्यानं लिहिलं, 'माझंही नाव काढा.' मग तिसऱ्यानं. दुपारपर्यंत फोन वाजत राहिला. एकजण दुसऱ्याला गप्प बसायला सांगत होता आणि तेही सगळ्यांना ऐकू जात होतं. कित्येकांनी काही न लिहिता पत्र 'स्पॅम' म्हणून नकोशा ढिगात ढकललं. तक्रारी इतक्या झाल्या, की शनिवारी सिकंदरचं ईमेलचं खातंच बंद झालं.

"म्या तर एकबी माणूस वगळला न्हवता," तो हीनाला म्हणाला.

ऋषिराजला चोरी करावी लागली नाही. पत्ते त्याच्या दारात चालत आले होते. त्याच्या ऑफिसमधल्या पोरीनं प्रत्येकाला नावानं, वेगळं पत्र लिहिलं. तारखा दिल्या, दर दिले. स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर तो सिकंदरला भेटला.

"चाचा, तुमचं आवतण पोचलं बरं का. लई मोठा गोतावळा हाय तुमचा."

सिकंदरनं चहा संपवला, कप विसळून ठेवला.

डिसेंबर गेला, जानेवारी गेला. खोल्यांतल्या गाद्या करिमानं गुंडाळून ठेवल्या. होडी एका मासळीवाल्याला गेली. फेब्रुवारीत सिकंदर ऋषिराजच्या होडीवर पगारानं लागला. नारिंगी जॅकेट मिळालं, पाठीवर रिसॉर्टचं नाव.

एका सकाळी धक्क्यावर मनिषा मॅडम उभ्या होत्या.

"सिकंदरभाई? तुम्ही इथं?" त्या म्हणाल्या. "नोव्हेंबरपासून तुमच्या पत्राची वाट पाहिली मी. काहीच आलं नाही. मग या रिसॉर्टचं आलं."

त्याला काही क्षण समजेना. तीन वेळा पाठवलेलं पत्र, ज्यात सगळ्यांत वर त्यांचंच नाव होतं. पत्र धाडायच्या आधी हीनानं सांगितलं होतं, एकाच वेळी इतक्या जणांना धाडलं की काहींच्या फोनात ते उघडायच्या आधीच बाजूला टाकलं जातं. तेव्हा त्यानं ते मनावर घेतलं नव्हतं.

मागं रिसॉर्टचा मॅनेजर पाहुण्यांची नावं वाचत होता. पाण्यावर ऊन चढत चाललं होतं. सिकंदरनं होडी धक्क्याला घट्ट धरली आणि मॅडमना हात दिला.

"डाव्या अंगाला बसा," तो म्हणाला. "तिकडं ऊन डोळ्यावर येत न्हाय."