दोन बोटांचा फरक

गाडी थांबली की मिस्त्री आधी माणसाकडे बघायचेच नाहीत. चाकापुढे उकिडवे बसायचे, मी गाभण म्हशीच्या पोटावरून फिरवते तसा टायरवरून तळहात फिरवायचे आणि मान वर करून विचारायचे, "ह्यो कुटनं आणला?" स्वर असा की स्वतः दुकानातून घेतलेला टायरसुद्धा आपल्याला चोरीचा वाटायला लागावा.

पौड रस्त्यावर, कासार आंबोलीचा फाटा सोडला की थोडं पुढे त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. शनिवार-रविवारी मुळशीकडे गाडी काढणाऱ्यांपैकी तुम्ही असाल तर पाहिलंही असेल. आत फळीवर ग्रीसच्या डब्याशेजारी बुद्धाची लहानशी मूर्ती होती, आणि गॅरेजभर काळ्या बोटांचे ठसे असताना तिच्यावर एकही नव्हता. समोरच्या भिंतीवर खिळ्यांची रांग होती आणि प्रत्येक खिळ्याला सुतळीचे चार-चार तुकडे लोंबत होते. मला आधी वाटलं, माणसाला टाकवत नाही काही.

मी जनावरांची डॉक्टर. गेली पंचवीस वर्षं मुळशीतल्या गोठ्यांमधून फिरतेय. संशय हा माझ्या धंद्याचाच भाग आहे. गाय कधी खोटं बोलत नाही, पण तिचा मालक "सकाळपर्यंत चांगली खात होती बघा" असं म्हणाला की मी समजते, चार दिवस झाले. त्यामुळे मी कुणाचंही सांगणं अर्ध्यावर आणून ऐकते. मिस्त्री माझ्याही पुढचे होते. त्यांचा हवेच्या काट्यावर विश्वास नव्हता, टायरवर छापलेल्या आकड्यावर नव्हता आणि स्वतःच्या डोळ्यांवर तर मुळीच नव्हता.

जुनी चारचाकी ओढीची, म्हणजे फोर-व्हील ड्राइव्हची, जीप मी नुकतीच घेतली होती. धरणाच्या मागल्या अंगाला पाऊसकाळात दुसरी गाडी जात नाही. पंक्चर काढायला म्हणून मी मिस्त्रींकडे थांबले. पंक्चर निघालं, तरी ते गाडी सोडेनात. गॅरेजपुढे त्यांनी स्वतःच्या हातांनी कोब्याची एक सरळ, सपाट पट्टी ओतली होती. तिच्यावर गाडी घ्यायला लावली. टायरला खाली खडूची रेघ, जमिनीवर खडूची रेघ. मग गाडी ढकलत चाकाचा एक पूर्ण फेरा, पुन्हा जमिनीवर रेघ, आणि दोन रेघांमधलं अंतर सुतळीनं मापून तुकडा कापला. असे चार चाकांचे चार तुकडे. पहिल्याला एक गाठ, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, चौथ्याला चार.

"मी पंक्चर काढायला आलेय, झंपर शिवायला नाही," मी म्हटलं.

"पंचर काडलंय. पन ही चारी चाकांनी वडनारी गाडी हाय, डाक्टरबाई. हिला माप पायजे." त्यांनी चारी सुतळ्या एकत्र धरून टोकं जुळवली. "आज तरी चारी भाऊ हायेत. एक जरी बदलला तरी आदी मला दावा. आन् चारी चाकं जोडनारी ही धाकटी दांडी डांबरावर वडायची न्हाई. चिखलापुरती."

मी मान हलवली. मनात म्हटलं, पुढच्या वेळेचं गिऱ्हाईक आत्ताच बांधून ठेवतोय.

पुढे वर्षभरानं बावधनजवळ रस्त्याच्या कामावरच्या लोखंडी सळईनं माझ्या मागच्या टायरची बाजू फाडली. जवळच्या एका दुकानात मी नवा टायर घातला. "नंबर तोच आहे मॅडम, डोळे झाकून जा," दुकानदार म्हणाला. एरवी कुणावर काडीचा विश्वास न ठेवणारी मी, त्या दिवशी खरंच डोळे झाकून गेले. मिस्त्रींचं गॅरेज वाटेतच होतं. हात करायलासुद्धा थांबले नाही.

त्याच आठवड्यात धरणापलीकडच्या एका गोठ्यात म्हैस अडली होती. लाल चिखलात जीप रुतायला लागली तशी मी धाकटी दांडी ओढली. चार तास झटले, आणि रेडकू जिवंत निघालं. त्या आनंदात दांडी मागे ढकलायचं साफ विसरले आणि डांबरावरून वीसेक किलोमीटर तशीच आले. आधी वळणावर स्टिअरिंग जड झालं. मग खालून कण्हल्यासारखा आवाज यायला लागला. दांडी काढायला गेले तर ती हलेना. गाडी कशीबशी मिस्त्रींच्या पट्टीवर येऊन उभी राहिली.

त्यांनी ना बॉनेट उघडलं, ना खाली वाकले. "सरळ मागं घ्या. धा फूट. चाक वळवू नका." मी घेतली. "आता ढकला दांडी." दांडी अलगद निघाली. मला बरं वाटायला हवं होतं, पण माझ्या मनात पाल चुकचुकली. न बघता याला दुखणं कळलं कसं?

मग खडू आला, सुतळी आली. तीन तुकडे सारखे भरले. चौथा, नव्या टायरचा, दोन बोटं लांब.

"नंबर तोच आहे," मी म्हटलं.

"नंबर बाजूला लिवलाय, डाक्टरबाई. गाडी बाजूवर चालती का?" ते पान्ह्यानं जमिनीवर ठोकत म्हणाले. "तिगं झिजल्यात, ह्यो कोरा हाय. दर फेऱ्याला दोन बोटं जास्ती चालतोय. दांडी वडली की फुडची-मागची चाकं एकमेकाला बांदली जात्यात. चिखलात चाक घसरतं, फरक चिखलात जिरतो. डांबर घसरू देतंय व्हय? मंग ती दोन बोटं जात्यात कुटं?" त्यांनी गाडीखाली पान्हा वाजवला. "ह्या डब्यात."

तो डबा म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी गिअरची पेटी. त्यांनी तिचं तेल एका ताटलीत काढलं आणि उन्हात धरलं. तेलात बारीक चंदेरी कीस चमकत होता. "ही हिची हाडं हायेत," ते म्हणाले. "आजून वीस मैल गेला असता तर दातं गेलं असतं."

शेणात रक्त दिसलं की मला जे कळतं, ते त्या ताटलीत बघून कळायला हवं होतं. कळलंही. पण लगेच दुसरं मन म्हणालं, कीस आधीच टाकून ठेवला नसेल कशावरून?

गाडी दोन दिवस त्यांच्याकडे राहिली. मी घ्यायला गेले तेव्हा समोरच्या चहाच्या टपरीवर दुधवाल्यांची गर्दी होती. बघते तर जीपला चारी टायर जुने. माझा कोरा टायर गायब.

"नवा काढून जुना लावला?" मी तिथूनच ओरडले.

मिस्त्रींनी शांतपणे भिंतीकडे बोट केलं. माझा टायर मोठ्या खिळ्यावर टांगला होता, त्याला तीन गाठींची सुतळी बांधलेली. "तुमच्या तिगांच्या मापाचा एक माज्याकडं पडला हुता, त्यो लावलाय. ह्ये चारी झिजलं की नवं तीन घ्या, हा चौथा. तवर हितं सावलीत राहूंद्या."

"मग स्टेपनीला का नाही लावला?"

"पंचर झालं की तुमी त्योच काडून लावनार. माजा तुमच्यावर भरवसा न्हाई."

टपरीवरचे लोक खो खो हसले. ते मला झोंबलं. खरं सांगते, टायरपेक्षा ते हसणंच झोंबलं.

"आणि मी तुमच्यावर का ठेवू? उद्या हाच टायर दुसऱ्या कुणाच्या गाडीला दिसला म्हणजे?"

हसणं थांबलं. मिस्त्रींचा चेहरा उतरला. त्यांनी टायरची सुतळी सोडली, तेवढाच दुसरा तुकडा कापून, त्यालाही तीन गाठी मारून टायरला बांधला आणि पहिला माझ्या हातात ठेवला. "दोरा तुमच्यापाशी ठिवा. कवाबी या. मोजून घ्या."

मी तो दोरा डॅशबोर्डच्या कप्प्यात फेकला आणि निघाले. टायर तेव्हाच मागे टाकून नेता आला असता. नेला नाही. नेला असता तर बोलायला विषयच उरला नसता.

आणि मी बोलले. गोठ्यागोठ्यातून बोलले. इंजेक्शन भरता भरता, हात धुता धुता, "पौड रस्त्यावरचा तो मिस्त्री ना? नवा काढून जुना लावतो तो." डॉक्टरचं बोलणं आमच्याकडे दुधाच्या किटल्यांबरोबर गावोगाव पोहोचतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. जीप मात्र त्या चार जुन्या टायरांवर दीड वर्ष कुरकुर न करता धावली. त्याचं श्रेय मी जीपला दिलं.

टायर गुळगुळीत झाले तेव्हा मला तो चौथा आठवला. विकून खाल्ला असणार अशी खात्रीच होती. उलट, तो नसलाच पाहिजे असं मला वाटत होतं. गेले तर रस्ता रुंद करताना गॅरेजपुढची कोब्याची पट्टी उखडून गेलेली. आत एक बाई सामान बांधत होती. मिस्त्रींची मुलगी, जांबे गावात राहणारी.

"बाबा आता माझ्याकडे असतात," ती म्हणाली. "पट्टी गेली तसं म्हणाले, आता मोजू कुठं? गिऱ्हाईकं तशी आधीच तुटली होती. कुणीतरी काहीबाही उठवलं होतं त्यांच्यावर."

मी कोण ते तिला माहीत नव्हतं. मी भिंतीकडे बघितलं. टायर त्याच खिळ्यावर होता. तीन गाठींचा दोरा तसाच. जवळ जाऊन पाहिलं तर त्याच्या खाचांमध्ये त्या दिवशीचा लाल चिखल वाळून बसला होता, त्यात गवताची एक काडी. त्यानंतर तो दुसऱ्या गाडीला लागून महिनाभर जरी फिरला असता, तरी तो चिखल आणि ती काडी राहिली नसती. पंचवीस वर्षं जनावरांच्या अंगावरून माणसांचा खोटेपणा वाचणारी मी, माझा स्वतःचा मला त्या टायरवर वाचता आला. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

नवे तीन घातले, चौथा तो घातला, आणि जांब्याला गेले. मुलीच्या इमारतीखाली भाडेकरूंच्या गाड्यांमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मिस्त्री बसले होते. दम लागत होता, अंगावर मांस उरलं नव्हतं. माझ्याकडे त्यांनी बघितलंच नाही. नजर खाली, चाकांकडे.

"ह्ये तीन कुटनं आणलं?"

"एकाच दुकानातून, एकाच दिवशी. चौथा तुमच्या खिळ्यावरचा."

"मोजलं?"

"मोजले."

"कुनी?"

"मी."

"मंग परत मोजाया लागंल."

मला हसू आलं आणि हसता हसता रडू फुटलं. "मिस्त्री, चुकलं हो माझं," मी म्हटलं.

ते म्हणाले, "टायरचं सोडा. गोठ्यात बोलला ते मागं घ्या. पोरीला लोक इचारत्यात, तुजा बाप टायर बदलायचा म्हनं. मला ते लई लागतंय."

दुसऱ्या दिवसापासून मी सुरुवात केली. ज्या ज्या दावणीशी बोलले होते तिथे तिथे जाऊन सांगितलं, की मी चुकीचं बोलले, माणूस सचोटीचा आहे. कुणी "बरं" म्हणालं, कुणी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की डॉक्टरीणबाईंना आता त्याच्याकडून काय हवंय कोण जाणे. संशय कसा पसरतो ते मी शिकवलं होतं, आता तोच माझ्याकडे बघत होता. अर्धे गोठे झाले असतील, तेवढ्यात मिस्त्री गेल्याचा मुलीचा फोन आला.

तरी मी थांबले नाही. सगळ्यात शेवटी धरणापलीकडच्या त्या गोठ्यात गेले, जिथे म्हैस अडली होती. रेडकाची आता दांडगी पारडी झाली होती. मी मिस्त्रींचं नाव काढताच मालक म्हणाला, "व्हय व्हय, नवा काडून जुना लावायचा त्योच न्हवं?"

माझंच वाक्य. एक शब्द इकडचा तिकडे झाला नव्हता.

मी पालथ्या किटलीवर बसले आणि त्याला सगळं सांगितलं. सळई, दोन बोटं, तेलातला कीस, खाचेतला त्याच्याच अंगणातला चिखल. तो ऐकत राहिला.

"मंग इमानदार हुता की मानूस."

"होता."

"आता कुटं असतोय?"

"गेले. महिना झाला."

तो डोकं खाजवत गोठ्यामागे गेला. तिथे वैरण वाहायची त्याची जुनी चारचाकी ओढीची जीप उभी होती. "औंदा एकच टायर नवा टाकलाय," तो चाचरत म्हणाला. "नंबर त्योच हाय."

मी बॅगेतून खडू काढला, तीन गाठींचा दोरा आणि सुतळीचं बंडल काढलं. चाकापुढे उकिडवी बसले, टायरवरून तळहात फिरवला आणि मान वर केली.

"हा कुठून आणला?" मी विचारलं.