कुंकू लागलेलं लोखंड

पौषातल्या सकाळी तापल्या लोखंडाचा वास वर जात नाही. थंडीने जड होऊन तो पत्र्याच्या शेडखालीच रेंगाळतो, आणि रस्त्यापलीकडच्या ज्वारीवरून येणारा दवाचा ओला, दुधट गंध त्यात मिसळला की मला उगाच भरून येतं. समुद्रकाठच्या माझ्या गावात हे दोन्ही वास नव्हते. आठवीत शाळा सुटली, आंब्याच्या ट्रकवर क्लीनर म्हणून निघालो, परभणीजवळच्या ताडकळसला तापाने फणफणलो आणि ड्रायव्हर मला हमीदचाचांच्या वेल्डिंगच्या दुकानासमोर उतरवून निघून गेला. चाचांनी नाव विचारण्याआधी भाकरी दिली. गावाने मला कोकण्या म्हणून ठेवून घेतलं. चाचांनी नुसतंच ठेवून घेतलं.

त्यांचे डोळे त्या वर्षी विझत चालले होते. जन्मभर ठिणग्यांकडे बघितलेले ते डोळे काचबिंदूने कडेकडेने अंधारत होते, आणि हैदराबादच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की ऑपरेशनला उशीर झाला तर उरलेलं दिसणंही जाईल. विकण्यासारखं दुकानात एकच होतं. पावसाळ्यात अवजारांची कामं थंडावली की चाचा झिजलेले फाळ, मोडके विळे एकमेकांना जोडत बसत. त्यातून पुरुषभर उंचीचं काहीतरी वर उसळून वळलं होतं. ना पक्षी, ना झाड, ना माणूस. येणारेजाणारे विचारत, "चाचा, मोराला लकवा मारला काय?" चाचा हसून म्हणत, "हाय कायतरी."

आठवडी बाजारात जुन्या अवजारांची हर्रास असते, म्हणजे उघड्यावरचा लिलाव. बैलगाडीवर घालून मी ते लोखंड भल्या पहाटे लिंबाखाली नेऊन उभं केलं आणि चाचांसाठी चहा आणायला गेलो. परतलो तेव्हा कोवळं ऊन त्या वळणांवरून ओघळत होतं, आणि तळाच्या फाळाला कुंकू लागलेलं होतं. बाजाराला आलेल्या रुक्मिणआक्कांनी, पेरणीआधी घरच्या फाळाला लावतात तशी सहज चिमूट लावली होती. त्यांचं बघून दुसरीने हळद वाहिली, तिसरीने फूल. ऊन चढेपर्यंत माझ्या साऱ्या आशेचा देव झाला होता.

हर्रास पुकारणारे बाबूराव खाकरले, बोली मागू लागले. माणसं गोळा झाली, हात जोडून मागे सरली. "लोखंड घेता येतंय हो," एक जण पुटपुटला, "ह्याला कुंकू लागलंय. देवाचा भाव कोन करनार?" कुंकू पुसायला रॉकेलचा बोळा घेऊन मी पुढे झालो, तर चाचांनी चाचपडत माझं मनगट धरलं. "राहू दे बेटा. हात जोडले लोकांनी. त्यावर बोळा नको."

मग फक्त परभणीचा भंगारवाला उरला. त्याने वजनाचा भाव सांगितला. त्या भावात हैदराबाद नव्हतं. बाबूरावांनी एक वार म्हटलं, दोन वार म्हटलं, आणि त्या क्षणी मी कोणकोणत्या देवांना आणि पिरांना काय काय कबूल केलं, ते मला आजही सांगता येणार नाही.

"भट्टीत घालायलाय व्हय रे हे?" गर्दीतून रुक्मिणआक्कांचा आवाज आला. मग त्या नवऱ्याकडे वळल्या, "बोला की आता. म्हशीच्या हर्राशीत तर लय तोंड चालतंय तुमचं."

माणसं हसली. आक्कांचे मालक कसनुसे झाले, आणि टोपी सारखी करून बोलले. भंगारवाल्याने चढ दिला. मग खालच्या गल्लीतला कुणी बोलला, म्हणून वरच्या गल्लीतला बोलला. देवाचा भाव करायला लाजणारी माणसं देवाला भट्टीतून सोडवायला ईर्षेने बोलू लागली. शेवटी आक्कांच्या मालकांवर हर्रास सुटली. त्यांच्या बांधावर ते उभं राहणार होतं. चाचांनी आक्कांना विचारलं, "काय दिसलं तुमाला त्याच्यात?" त्या म्हणाल्या, "मला काय कळतंय भाऊ. फाळ दिसला, हात गेला."

हैदराबादच्या गाडीत चाचा खिडकीशी बसले होते. बाहेर तुरीची पिवळी शेतं उन्हात भिजत मागे जात होती. त्यांना त्यातलं किती दिसत होतं, मी विचारलं नाही. उद्या डॉक्टर काय म्हणतील, याचीच मला धास्ती होती. मधेच ते म्हणाले, "आणि तुला काय दिसायचं रे त्याच्यात?"

मी उत्साहाने सांगायला लागलो आणि अडखळलो. वरचा विळा कुठल्या बाजूला वळला होता, तेच मला आठवेना. इतके दिवस त्याच्यासमोर उभं राहून मी फक्त गिऱ्हाईक शोधत होतो. चाचांनी बोट उचललं आणि खिडकीतल्या उजेडात, सावकाश, ते वळण काढू लागले. आणि दोन्ही डोळे धड असलेला मी, पहिल्यांदाच, बघू लागलो.