भिंतीपलीकडे फेकलेला बांबू

माझ्या भावजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, उभ्या नोकरीत एक काम पुरं केलं असेल तर शपथ. तरी त्यांचं टेबल कायम स्वच्छ असायचं. आलेला कागद ते वाचतच नसत. कोपऱ्यात ‘पुढील कार्यवाहीसाठी वर्ग’ असं लिहायचं, शेजारच्या टेबलावर सरकवायचा आणि चहाला जायचं. याच हातोटीवर माणूस हेडक्लार्क होऊन निवृत्त झाला, हारतुऱ्यांसकट.

बांबू आणला तोही साहेबांच्या बंगल्यातून. साहेबांच्या फाटकाशी बांबू, मग यांच्या फाटकाशी नको?

“हा जमिनीखालून पळतो म्हणे,” ताई म्हणाली.

“अगं, झाड आहे ते. मांजर नव्हे!”

पळालाच तो. गुलाबात निघाला, नळाशी निघाला, पायवाटेच्या विटा उचलून वर आला. भावजी दर रविवारी टोपी आणि हातमोजे घालून कात्रीने शेंडे कापत. कंबर वाकवायची नाही, खाली काय चाललंय ते बघायचं नाही. शेवटी ताईनेच हातात कुदळ दिली आणि समोर उभी राहिली. खोटं कशाला बोलू, त्या वेळी त्यांनी खणलं. गाठीगाठींच्या पिवळ्या मुळांचा ढीग निघाला.

“एक तुकडासुद्धा मातीत राहू देऊ नका,” ताई म्हणाली. “फरशीवर वाळवून जाळून टाकू.”

वाळवणं, राखण करणं, जाळणं, एवढा व्याप कोण करतो? घरामागच्या भिंतीपलीकडे एक रिकामा प्लॉट होता. ताई आत गेल्याबरोबर भावजींनी घमेली भरभरून सगळी मुळं तिकडे फेकली. दृष्टीआड सृष्टी! मग हात झटकले आणि म्हणाले, “मिटलं प्रकरण.”

त्या मागच्या भिंतीला लागूनच ताईची शिवणाची खोली. मशीन, इस्त्रीचं टेबल, खुंट्यांना लटकलेले शाळेचे गणवेश, दाराशी टेप गळ्यात अडकवलेली ताई. घरात बाकी सगळीकडे ती भावजींची बायको. त्या खोलीत मात्र बाया तिला विचारून कापड आणत. भावजींना ती खोली पहिल्यापासून खुपायची. मशीनच्या आवाजाने म्हणे त्यांची दुपारची झोप मोडते. दिवसभर दुसरं काय करायचे ते, देव जाणे.

भिंतीपलीकडे रान माजलं आणि एक दिवस ताईच्या मशीनखालची फरशी फुगली. मशीन डगमगायला लागलं, सुया मोडायला लागल्या. भावजींनी पुठ्ठ्याची घडी करून मशीनच्या पायाखाली सारली. “झालं की सरळ!”

पुढच्या खेपेला मी गेले, तर पायडलच्या शेजारी, दोन फरश्यांच्या फटीतून बोटभर कोंब वर आलेला. जाड, टोकदार, बेशरम. भावजी दारात उभे राहून तो बघत होते, आणि त्यांच्या तोंडावर चक्क समाधान होतं.

“खोली बंदच करू आता. तुझेही डोळे कुठे राहिलेत?” एवढं बोलून स्वारी फिरायला गेली.

मला इतका संताप आला की हातातली कात्री फेकून मारावीशी वाटली. ताईने हातातली दुमड पुरी केली, दोरा तोडला आणि उठली.

“धर गं त्या बाजूने.”

आम्ही दोघींनी मशीन पुढच्या खोलीत नेलं, खिडकीशी, जिथे भावजींची आरामखुर्ची असायची तिथे. आरामखुर्ची नेऊन कोंबाशेजारी मांडली. मग त्यांचा पलंग, उशी, तांब्या, झाडून सगळं तिकडे.

भावजी परतले आणि उंबऱ्यातच थबकले. “हे काय?”

“तुमचं प्रकरण तुमच्याकडे वर्ग केलंय,” ताई सुईत दोरा ओवत म्हणाली. “पुढची कार्यवाही करा.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी एक गणवेश उचलून बटणं लावायला बसले. सरकवायला शेजारी टेबलच उरलं नव्हतं.

परवा पुन्हा गेले. भावजी मागच्या प्लॉटवर कमरेइतक्या चरात उभे होते, टोपी नाही, हातमोजे नाहीत. एकेक मूळ ओढून काढत होते आणि कडेला मांडलेल्या फरश्यांवर वाळत घालत होते. मला बघून कण्हत म्हणाले, “हे एवढं संपलं, की तिला तिची खोली परत देतो बघ. मोकळी करून!”

आत येऊन मी ताईला ते सांगितलं. तिने पायडल थांबवलं नाही.

“देऊ देत,” ती म्हणाली. “तिथे कापड ठेवीन. मी या खिडकीतून हलत नाही.”